मालिकेतला नट हाक देतो, पोरं येतात. मग पुढच्या रविवारी काय?

प्रश्न विचारणाऱ्या तरुणाने लिहिलंय ते थोडक्यात असं. त्यांच्या गावचा एक मित्र मराठी मालिकांत काम करतो, सध्या एका रोजच्या मालिकेत त्याची बऱ्यापैकी मोठी भूमिका आहे. आपल्या भागातल्या पोरांनी सुट्टीच्या दिवशी श्रमदान करावं, रक्त द्यावं, झाडं जगवावीत असं त्याला मनापासून वाटतं. त्याने मोबाइलवरून हाक दिली आणि पहिल्या रविवारी पावसाचं पाणी अडवायला टेकडीवर चर खोदायचा होता, तेव्हा दोनशे पोरं आली. पुढच्या रविवारी तो शूटिंगमध्ये अडकला, तेव्हा आली फक्त अकरा. आता यांचं विचारणं असं : त्याला दर वेळी आणायची खटपट करावी का? त्याच्या नावाने प्रतिष्ठान काढावं का? आणि 'आजकालच्या पोरांना नुसता सेल्फी पाहिजे' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना काय सांगावं?

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते शिबिरांतून, चरांतून आणि परवानग्यांच्या फायलींतून आलेलं आहे. टीव्हीचं जग मला बाहेरूनच माहीत आहे, पाहुणे म्हणून आलेल्या कलाकारांपुरतं.

तुम्ही पोरांच्या वृत्तीबद्दल विचारलंत. मला मात्र तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली. किती पोरं आली ते दोन्ही रविवारचं लिहिलंय, पण चर किती मीटर झाला ते एकाही रविवारचं लिहिलेलं नाही. माझ्या मते तुमची खरी अडचण तिथे आहे. पहिला रविवार तुम्ही माणसं मोजून साजरा केलात, म्हणून दुसरा रविवार पडल्यासारखा वाटला.

जरा हिशेब करू. टेकडीवर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा आणि एकाच पातळीत जाणारा, काढायचा तर साधारण माप साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल. म्हणजे एक मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. आम्ही पोरांच्या पाचपाचच्या टोळ्या करतो : एक टिकाववाला, एक फावडंवाला, दोघं घमेल्यावर, आणि एक जण दमलेल्याची जागा घ्यायला. घमेल्यातली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकून तिचा बांध दाबत न्यायचा. नवखी पण धडधाकट पाच पोरं सकाळच्या दोन-अडीच तासांत मुरमाड जमिनीत आठ-दहा मीटर काढतात. दोनशे पोरांच्या चाळीस टोळ्या होतात. चाळीस टिकाव, चाळीस फावडी आणि ऐंशी घमेली तुमच्याकडे होती का? नसणारच, कुठल्याच गावात एका सकाळी एवढं जमत नाही. म्हणजे त्या दोनशेंपैकी निम्म्याहून अधिक पोरं नुसती उभी होती. उन्हात, हातात काही नाही, समोर मालिकेतला नट. अशा वेळी पोरगं मोबाइल काढणार नाही तर काय करणार? आणि ज्या ठिकाणी आपली गरज नव्हती तिथे ते पुन्हा कशाला येईल?

आता ते अकरा घ्या. दोन टोळ्या आणि वर एक जण पाण्याची घागर सांभाळायला. अवजारं पुरली, सगळ्यांच्या हाताला काम लागलं. त्यांनी पंधरा-वीस मीटर चर काढला असेल तर एका भरीत पावणेतीन ते साडेतीन हजार लिटर पाणी अडण्याची सोय केली. पावसाळ्यात असे चर एकदाच नव्हे, अनेकदा भरतात आणि जिरतात. तुम्ही 'आली फक्त अकरा' असं लिहिलंय. त्यातला 'फक्त' काढून टाका. हाक देणारा हजर नसताना, रविवारी सकाळी, स्वतःच्या पायाने टेकडी चढून आलेली अकरा पोरं ज्याच्या हाती आहेत त्याचं निम्मं काम झालेलं आहे.

मग नटाचा उपयोग काय, असं म्हणाल. उपयोग आहे, मोठा आहे. पण तो कुठे खर्चायचा हे ठरवावं लागतं. महाराष्ट्रात याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण आमिर खानच्या पानी फाउंडेशनचं. आमिर खान हा मालिकेतला नट नव्हे, पण हे काम उगवलं ते २०१२ साली सुरू झालेल्या 'सत्यमेव जयते' या टीव्हीवरच्या कार्यक्रमातून. तो कार्यक्रम दिग्दर्शित करणारे सत्यजित भटकळच पुढे फाउंडेशनचं काम पाहू लागले. २०१६ला गावागावांमधली पाणी अडवण्या-जिरवण्याची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली तेव्हा तीनच तालुके घेतले होते : वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. पुढच्या वर्षी तीस तालुके, २०१८ला पंचाहत्तर. बाहेरून पाहणाऱ्याला दिसली ती आमिरची सभा, टीव्हीवरचे कार्यक्रम आणि १ मेच्या महाश्रमदानाला मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी, त्यांत मराठी मालिका-चित्रपटांतले पुष्कळ चेहरे. पण गावागावांत काम उभं राहिलं ते त्याआधीच्या प्रशिक्षणामुळे. प्रत्येक गावातून निवडलेली माणसं, त्यांत बायाही, निवासी प्रशिक्षणाला जात. तिथे त्यांना पाणलोट समजावून देत आणि हायड्रोमार्कर हातात देत. हायड्रोमार्कर म्हणजे काही मोठं यंत्र नाही. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडलेली पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी आली की ते दोन बिंदू एका समतलात आहेत असं समजायचं, तिथे फक्कीने खूण करायची आणि पुढे सरकायचं. दहावी झालेली पोरगी हे एका दुपारात शिकते. नंतर गावात कुणीही प्रसिद्ध माणूस आला नाही तरी ती पोरगी आखणी करत राहते.

स्पर्धेत मोजमापाला गुण होते आणि स्पर्धा पंचेचाळीस दिवसांची होती, ही आणखी एक जाणून घेण्यासारखी गोष्ट. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने पहिला क्रमांक काढला तो एका दिवसाच्या गर्दीवर नाही. रोज किती झालं, किती राहिलं, हे गावाला ठाऊक होतं. तुमच्या मित्राच्या हाकेत नेमकं हेच नव्हतं, असा माझा अंदाज आहे. 'चला, गावासाठी काहीतरी करूया' म्हटल्यावर दोनशे जण येतात, कारण काहीतरी करायला कुणाची ना नसते. 'या टेकडीला चारशे मीटर चर काढायचाय, पावसाआधी, दर रविवारी सहा ते साडेआठ' असं म्हटलं तर पहिल्या दिवशी कदाचित साठच येतील. पण त्या साठांना आपण कशात पडलोय ते माहीत असेल.

राष्ट्रीय सेवा योजनेची मांडणीही याच समजुतीवर आहे. ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं. तासांची ही अट अनेकांना कारकुनी वाटते. वहीत सही, तासांची बेरीज, शेवटी प्रमाणपत्र आणि नियमात बसलं तर ग्रेस मार्क. मान्य आहे, काही पोरं मार्कांसाठीच येतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मार्कांसाठी आलेलं पोरगं चाळीस तास एका गावात राबलं की त्याला तिथली माणसं नावाने हाक मारू लागतात, आणि मग मार्कांचा विषय मागे पडतो. सगळ्यांच्या बाबतीत होतं असं नाही, पण होतं. तुमच्या मित्राच्या हाकेला सेल्फीसाठी आलेल्यांनाही हाच न्याय लावा. कुठल्या कारणाने आलं ते सोडून द्या, आल्यावर हाताला काय मिळालं ते बघा.

कलाकार आल्यावर प्रत्यक्षात काय होतं ते एका प्रसंगावरून सांगते. आमच्या एका शिबिराला मालिकेत काम करणारी एक अभिनेत्री आली होती. ओढ्यात अनघड दगडी बांध चालला होता आणि पोरांची साखळी लावून दगड खाली सरकवत होतो. तिची गाडी दिसली मात्र, साखळी तुटली. दगड जिथल्या तिथे पडले आणि शंभर मोबाइल वर झाले. गावातल्या एका आजीने तर येऊन तिला फैलावरच घेतलं, कारण मालिकेत ती सासूला छळत होती. ती हसली, आजींच्या पाया पडली आणि मला म्हणाली, 'मॅडम, मला मधे कुठेतरी उभी करा.' दोन पोरींच्या मधे जागा दिली. दगड पुन्हा सरकू लागले. शेजारच्या पोरीला तिने विचारलं, हा बांध कशासाठी? ती पोरगी शिबिरात कुणाशी फार बोलत नसे. पण तिने सांगितलं की हा बांध पाणी अडवायला नाही, पळतं पाणी चालतं करायला आहे. दगडांच्या फटींतून पाणी जातं, माती मागे राहते. भूगोलाच्या पेपरात याहून बरं उत्तर मला मिळालेलं नाही. संध्याकाळी त्या अभिनेत्रीने दोन मिनिटंच भाषण केलं आणि त्यात त्या पोरीचं नाव घेऊन तिने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. फोटो सगळ्यांत शेवटी, एका ठरलेल्या जागी, टोळीटोळीने. शाल-श्रीफळ नाही, सरपंचांचं प्रास्ताविक नाही.

त्या दिवसानंतर मी पाहुण्यांसाठी क्रमच ठरवून टाकला : आधी काम, मग बोलणं, शेवटी फोटो. उलट क्रम लावला की फोटो झाल्याबरोबर निम्मी मंडळी घरची वाट धरतात. आणि कलाकाराला हातात कोरा टिकाव देऊन कॅमेऱ्यासमोर दोन घाव घालायला लावू नका. पोरांना ते लगेच कळतं आणि नंतर त्याची नक्कल होते. तुमचा मित्र गावचाच आहे, त्याला टिकाव धरता येत असेल तर टोळीत घालून द्या, नसेल तर घमेल्यावर.

आता त्याच्या वेळेचं. रोजच्या मालिकेत काम करणाऱ्याची तारीख त्याच्या हातात नसते. आठवड्याचे सहा भाग द्यायचे असतात, आधी शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आली की सुट्टी ऐन वेळी रद्द होते, रात्री उशिरा दुसऱ्या दिवशीचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, येतो. शिवाय जाहीर कार्यक्रमाला जायचं तर निर्मात्याला किंवा वाहिनीला विचारावं लागेल अशी अट करारात असू शकते. ते त्याने स्वतः तपासून घ्यावं, तुम्ही परस्पर बॅनर छापून त्याला अडचणीत आणू नका. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : दर वेळी आणायची खटपट करू नका. ज्या कामाचं वेळापत्रक मुंबईतल्या सेटवर ठरतं त्याच्यासाठी पाऊस थांबत नाही. मालिका आज आहे, उद्या वेळ बदलेल, परवा बंद होईल. पुढच्या मालिकेत तो खलनायक झाला तरी तुमचा चर चालू राहिला पाहिजे.

त्याऐवजी त्याच्याकडून मी या गोष्टी मागितल्या असत्या. शुक्रवारी संध्याकाळी मेकअप रूममधून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. त्यात तारीख, वेळ, जागा, किती मीटर झालं, किती राहिलं, आणि कुणाला फोन करायचा त्या पोराचं नाव. स्वतःचं नाव सांगायची त्याला गरजच नाही. दुसरं, महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल, पण तो सगळ्यांसाठी नाही. जे सलग येताहेत त्यांच्यासाठीच. त्या अकरांना त्याने नावाने ओळखलं पाहिजे. पोरांना भाव मिळतो कशाने? नट गावात आला की तो सगळ्यांनाच दिसतो, त्यात विशेष काही नाही. नटाने 'अरे, मागच्या रविवारी तू एकट्याने अख्खी खडकाळ पट्टी फोडलीस म्हणे' असं विचारलं तर ते पोरगं ही गोष्ट महिनाभर सांगत सुटतं, आणि पुढच्या वेळी येताना दोघांना घेऊन येतं. तिसरं, दारं उघडणं. वनखात्याच्या कार्यालयात, तहसीलदारांकडे, अवजारं देऊ शकणाऱ्या कारखान्यात तुम्ही गेलात तर बाहेर बाकावर बसाल. तो गेला तर चहा येतो आणि साहेबही बाहेर येतात. हा चेहऱ्याचा सगळ्यांत चांगला उपयोग आहे आणि त्याचा कुणी फोटोही काढत नाही.

झाडांचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण त्यावर जरा सविस्तर बोलते, कारण तिथेच कलाकारांचा वेळ सगळ्यांत जास्त वाया जातो. जुलैत वृक्षारोपणाला बोलावणारे शंभर असतात. खड्डे आधीच काढलेले असतात, पावसाने माती मऊ झालेली असते, रोप हातात आयतं येतं. रोप मरतं ते फेब्रुवारी ते मे या काळात, पाणी न मिळाल्यामुळे किंवा शेळ्यांनी खाल्ल्यामुळे. तुमच्या मित्राला वर्षातून एकच दिवस मिळणार असेल तर तो मेमधला मागा. टँकर किंवा बैलगाडीवर पिंप, हातात कॅन, आणि रोपागणिक फेरी. तेव्हा त्याने व्हिडिओ केला तर त्यात हिरवंगार काही दिसणार नाही, वाळलेलं गवत आणि कुंपणाच्या काट्या दिसतील. पण बघणाऱ्याला कळेल की मागच्या जुलैतली रोपं अजून कुणीतरी सांभाळतंय. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराई या झाडं लावण्या-जगवण्याच्या उपक्रमाचं मला पटतं ते याचसाठी. त्यांचा भर देशी झाडांवर आणि लावलेली जगवण्यावर राहिला. २०२०च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणला त्यांनी वृक्ष संमेलन घेतलं, तेही ऐन पावसाळा सोडून आणि आधीच उभ्या केलेल्या झाडांच्या सोबतीने. त्यांना टीव्ही-सिनेमामुळे लोक ओळखतात, पण झाडांच्या माणसांत ते झाडांविषयी बोलतात, स्वतःच्या भूमिकांविषयी नाही.

रक्तदानाचं गणित तर गर्दीच्या अगदी विरुद्ध आहे. तुमच्या मित्राच्या वाढदिवशी एकाच दिवशी तीनशे पिशव्या जमवल्या असं ऐकायला छान वाटतं. पण तांबड्या पेशी साठवण्याची मुदत पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस असते, आणि प्लेटलेटची तर पाचच दिवस. तालुक्याच्या रक्तपेढीला एकदम तीनशे पिशव्या घेऊन करायचं काय? शिवाय ज्याने आज रक्त दिलं तो पुरुष तीन महिने आणि स्त्री चार महिने पुन्हा देऊ शकत नाही. म्हणजे एका झटक्यात तुम्ही तालुक्यातले सगळे तरुण दाते तीन-चार महिन्यांसाठी संपवले. टंचाई नेमकी मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, आणि दिवाळीच्या सुट्टीत येते. तेव्हा रक्तपेढीला आधी विचारा की तुम्हाला कधी आणि किती लागतं. मग वर्षभरात वाटून लहान लहान शिबिरं घ्या, आणि मित्राची हाक मे महिन्यासाठी राखून ठेवा.

इथेच आणखी एक. रक्त द्यायला वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ लागतं. आमच्या शिबिरांत हौसेने आलेल्या कितीतरी मुली हिमोग्लोबिनवर परत जातात. आवडत्या कलाकारासमोर 'तुझं रक्त चालत नाही' असं ऐकून आलेली पोरगी पुन्हा कुठल्याच शिबिराला फिरकत नाही. तपासणीचं टेबल आडोशाला ठेवा, परत पाठवलेल्या प्रत्येकीला डॉक्टरांशी बोलायला मिळेल असं बघा, आणि तिला नोंदणीचं किंवा चहापाण्याचं काम हातात द्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन वाढवून परत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. इतरांपेक्षा त्या जास्त टिकतात.

इथवरचं सार सांगायचं तर : काम मोजता येईल असं ठरवा, हाताला अवजार असेल तेवढ्यांनाच बोलवा, नटाची हाक नेमक्या दिवसासाठी वापरा आणि त्याची ओळख टिकून राहिलेल्यांवर खर्च करा.

हे सगळं कशावर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. गावात दर रविवारी सव्वापाचला उठून टेकडीवर पोचणारी एक-दोन माणसं आहेत का? नसतील तर वर लिहिलेलं सगळं फुकट आहे, आणि तशी माणसं असतील तर नट नसता तरी चाललं असतं, फक्त हळू चाललं असतं. मुली येताहेत का? तुम्ही सगळीकडे 'पोरं' लिहिलंय, त्यात मुली धरल्यात की नाही ते कळत नाही. मुली यायला हव्या असतील तर टेकडीजवळ शौचालयाची सोय, परत जायच्या वेळेचा शब्द आणि सोबत एखादी शिक्षिका किंवा बचतगटातल्या ताई लागतात. पहिल्या रविवारसारखी दोनशेंची गर्दी आणि मध्ये एक देखणा नट, एवढ्या भांडवलावर कुठलेही आईवडील मुलीला पाठवणार नाहीत. आणि पाठवू नये असंच मीही म्हणेन. जवळच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं एकक असेल तर तिथल्या कार्यक्रम अधिकाऱ्याला भेटा. त्यांना तासांसाठी काम हवंच असतं, तुम्हाला हात हवे असतात. त्यांच्याकडे हजेरीची वही, प्रथमोपचाराची पेटी आणि पालकांशी बोलायची सवय असते.

प्रतिष्ठानाबद्दल माझं मत : इतक्यात नको, आणि नटाच्या नावाने तर नकोच. संस्था म्हणून नोंदणी करायची झाली तर किमान सात सभासद, घटना, धर्मादाय कार्यालय, दरवर्षीचा हिशेब आणि ऑडिट. अकरा पोरांच्या गटाला हे ओझं पेलत नाही. पण नोंदणी नाही म्हणून कुणा एकाच्या फोनवर यूपीआयने वर्गणी गोळा करायला सुरुवात केलीत तर त्याहून वाईट. नोंदणी नसलेल्या मंडळांनी धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं घेतात ती हीच. प्रसिद्ध माणसाच्या नावाने पैसे जमले की हिशेबाबद्दल कुजबुज ठरलेली, आणि ती त्याच्या वाट्याला येते. त्यामुळे सध्या पैसे घेऊच नका, वस्तू घ्या. टिकाव, घमेली, हातमोजे, नाश्त्याचे पोहे. देणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवा.

पुढे कधी पैशांचं काम करायचंच झालं तर एक जुनं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सोबतच्या कलावंतांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची ती कल्पना होती. म्हणजे चेहरे यांचे, तिकिटांचे पैसे लोकांचे, आणि राबणारे लोक वेगळेच, ज्यांना कुणी ओळखतही नव्हतं. यातले निळूभाऊ तर मुळात राष्ट्र सेवा दलाचे. नट म्हणून नाव होण्याआधी ते सेवा दलाच्या कलापथकात होते. तुमच्या मित्राला कदाचित हे वाचायला आवडेल.

वडीलधाऱ्यांना काय सांगावं? काहीच सांगू नका. चर भरलेला दाखवायला पावसाळ्यात घेऊन जा. आणि त्यांच्यातल्या एखाद्याला आधीच विचारा की ओढ्याला पाणी पूर्वी किती महिने असायचं, वर माती कुठून धुपून यायची. टीका करणारे आजोबा जागा दाखवायला लागले की निम्मी टीका तिथेच थांबते. पुढारी मंडळींचं मात्र सांभाळा. नट येणार म्हटलं की एखाद्या इच्छुकाचा बॅनर आदल्या रात्री आपोआप लागतो. टेकडीवर बॅनर लावायचा नाही, कुणाचाच नाही, असा ठराव गटाने करून ठेवा. नटाचा फोटो असलेलाही त्यात आला.

एक राहिलं. जमीन कुणाची ते तुम्ही लिहिलेलं नाही. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव लागेल. वनखात्याची असेल तर त्यांच्या लेखी परवानगीशिवाय एक टिकावही मारू नका, चांगल्या हेतूने केलं तरी तो गुन्हाच ठरू शकतो. खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्या आणि पाणी कुणाच्या विहिरीला जाईल याचं बोलणं आधीच करून घ्या. तलाठ्याकडून सातबारा काढा आणि उतार किती आहे तेवढं बघून कळवा. उतार फार तीव्र असेल तर चर त्या जागी चुकीचाच पडेल, तिथे दगडी बांधापासून सुरुवात करावी लागेल, आणि मग अवजारांची यादीही वेगळी होईल.